खालच्या आळीतलं सवणं

माहेरी जायचं ठरलं की बाकीच्या बायका खुशीत असतात. मी आदल्या दिवसापासूनच मोबाईल हातातून खाली ठेवत नाही. देगलूरच्या स्टँडवर बिलोलीच्या गाडीची वाट बघत मी उभी असते आणि सारखा भावाला फोन लावते. "कुठं हायस?" एवढंच विचारते. तो "घरी" म्हणाला तर जीव भांड्यात पडतो. "पाण्यावर" म्हणाला तर पुढचं काही ऐकूच येत नाही. आणि फोन लागलाच नाही तर गाडी येईपर्यंत मला एका जागी उभं राहवत नाही, या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारते. माझा नवरा म्हणतो, "तुला घोर लावून घ्यायला कारण लागत न्हाई, नुसतं नेटवर्क गेलं तरी पुरतं." त्याला म्हणायला काय जातं? त्याचा भाऊ किराणा दुकानात बसतो. किराणा दुकानात कोणी बुडत नाही.

माझं माहेर मांजरेच्या काठावर आहे. गाव जागेवरच आहे, गेली ती फक्त खालची आळी. खाली नदीला बंधारा झाला आणि नदीच्या अंगाची आमची घरं पाण्यात गेली. आम्हाला वर माळावर जागा दिल्या, तिला आम्ही वरली वस्ती म्हणतो. पावसाळा सरता सरता बंधाऱ्याची दारं लावतात. मग पाणी हळूहळू फुगत आळीवर चढतं आणि उन्हाळा तापेपर्यंत तिथंच बसून राहतं. आळीतली घरं मातीची, सपाट मातीच्या छताची, म्हणजे माळवदाची होती. ती काही वर्षांतच विरघळून गेली. आता खाली उरलेत ते दगडी पाये, मारुतीचा पार, एक आड, आणि आमच्या अंगणातली ती खोली.

मासा मोकळ्या पाण्यात फार रमत नाही. त्याला आडोसा लागतो, कपार लागते. मरळ, वाम, शिंगटी, सगळे त्या बुडालेल्या दगडांत घर करून राहिले. ज्यांची शेतं गेली त्यांनी जाळी घेतली. आणि आळीत एक रीत पडून गेली, ती कुणी बसून ठरवली नाही. ज्याचं घर जिथं बुडालं, तिथं त्याचं जाळं. दुसऱ्याच्या घरावर जाळं टाकायचं असेल तर आधी त्याला विचारायचं, आणि पहिला मासा त्याच्या चुलीला द्यायचा. न विचारता कुणी टाकलं तर पाण्यावरच भांडणं जुंपतात. "माझ्या ओसरीत कामून शिरला रे?" असं एक जण थर्माकोलच्या तराफ्यावर बसून ओरडतो, आणि दुसरा म्हणतो, "ओसरी कुठं, हा तर तुझा उकिरडा हाय." काठावरचे लोक हसतात. खाली ओसरीही नाही आणि उकिरडाही नाही, पण दोघांना ते स्पष्ट दिसत असतं.

आमच्या घराच्या जागेवर मासा सगळ्यांत जास्त लागतो, आणि त्याला कारण ती खोली. तिच्यावरून माझ्या माहेरी जेवढी भांडणं झाली तेवढी जमिनीवरूनही झाली नाहीत.

बंधाऱ्यासाठी मोजणी होणार हे कळलं तेव्हा मी चौथीत-पाचवीत असेन. बांधकाम जास्त दिसलं तर मावेजा, म्हणजे भरपाई, जास्त मिळतो, अशी बातमी फिरली आणि आळीतला जो तो अंगणात काहीतरी उभं करायला लागला. मातीत विटा रचायच्या, वरून सिमेंटचा हात फिरवायचा, पत्रे नुसते ठेवायचे. मोजणीवाले येऊन गेले की पत्रे उतरवून घ्यायचे. यात लपवाछपवी काही नव्हती. मोजणीवाल्यांनाही ते ठाऊक असणार, ते नव्या भिंतीला हात न लावता मोजायचे, कारण हात लावला तर ती पडायची.

आमच्या बानंही खोली काढली. पण माझ्या बाला खोटं काम जमेना. तो उभी हयात नांदेडला दुसऱ्यांच्या घरांवर बिगारी म्हणून राबलेला. त्यानं पाया खोदला. त्यात दगड भरले, सळया उभ्या केल्या, रीतसर भिंती घेतल्या आणि वर स्लॅब टाकला. माय डोक्यावर घमेलं घेऊन विचारायची, "आवं, बुडायच्या खोलीला पाया कामून खोदून राहिले तुमी?" बा म्हणायचा, "माझा हात ऐकत न्हाई." लोक आपापल्या घरांची सागवानी तुळया-दारं काढून वर नेत होते, आणि आमचा बा त्या खोलीचे कोपरे ओळंब्यात घेत बसला होता. तेवढ्यात आमच्या जुन्या घराच्या दोन चांगल्या तुळया कोणीतरी लांबवल्या. मायच्या रागाची सुरुवात तिथून झाली.

पण खरा राग सवण्याचा. ज्यांनी माळवदाचं घर बघितलं नाही त्यांना सांगते. अशा घराच्या छताला उजेडासाठी आणि धुरासाठी एक भोक ठेवतात, त्याला सवणं म्हणतात. सुगीच्या दिवसांत त्यातून धान्याची पोतीही आत उतरवतात. पाऊस आला की वर फरशी सरकवायची. मातीच्या घराला सवणं असतं, स्लॅबला कुणी ठेवत नाही. बानं ठेवलं. पोतं उतरेल एवढं मोठं ठेवलं, जिथं चूल आली असती त्या कोपऱ्यावर. गवंडी हसला. आळी हसली. माय म्हणाली, "आवं, स्लॅबला कुणी भोक पाडतं का?"

बा म्हणाला, "आतल्या माणसाला उजेड नको का?"

"आत माणूस कोण ऱ्हाणार हाय?"

मला आठवतं, बा नुसता हातातली थापी पुसत राहिला.

स्लॅबवर पाणी मारायचं काम माझ्याकडं होतं. जिना नव्हता. बा खोलीत उभा राहून मला खांद्यावर घ्यायचा आणि त्या सवण्यातून वर ढकलायचा, मग खालून घागर द्यायचा. मी वर उन्हात स्लॅबभर पाणी शिंपडायची. पाण्यात जाणाऱ्या खोलीला वाळू नये म्हणून पाणी मारत होतो आम्ही. तेव्हा मला त्यात काही वेगळं वाटलं नाही, मला फक्त त्या भोकातून वर जायची गंमत वाटायची. डोकं आधी अंधारात, मग एकदम उजेडात.

मोजणीचे साहेब आले. त्यांनी आळीतल्या सगळ्या पडाऊ भिंती गुमान लिहून घेतल्या आणि आमच्या खोलीत येऊन वर बघितलं. "हे काय?" बानं सांगितलं, "सवणं." ते हसले आणि बांधकाम अपूर्ण आहे असं लिहून गेले. ज्यांच्या भिंती वाऱ्यानं हलत होत्या त्यांना मावेजा मिळाला, आणि साऱ्या आळीतल्या एकुलत्या एका धड खोलीला काही मिळालं नाही. माय त्या दिवसापासून सवणं हा शब्दच बोलली नाही. ती भोक म्हणायची. "एका भोकापायी खोली गेली," "त्या भोकात घातलं सगळं." आणि या सगळ्यावर कळस म्हणजे, आळी सोडून निघालो त्या दिवशी बानं स्लॅबवर चढून सवण्यावर शहाबादी फरशी सरकवली. आत पाणी जाऊ नये म्हणून. सवय हो, दुसरं काय. मायनं भर रस्त्यात कपाळावर हात मारून घेतला. बा जाऊन आता बरीच वर्षं झाली, पण माय त्या भोकावरून त्याच्याशी अजून भांडते. तो काही उत्तर देत नाही म्हणून तिचा राग आणखी वाढतो.

आळी सोडली तेव्हा माझा भाऊ मायच्या कडेवर होता. त्यानं नांदती खालची आळी बघितलेलीच नाही. शिकला, पुण्याला कंपनीत लागला, आणि गेल्या दिवाळीनंतर कंपनीनं माणसं कमी केली तसा घरी आला. थोडे दिवस अंथरुणात पडून मोबाईल बघितला, मग एक दिवस चुलतभावाबरोबर पाण्यावर गेला आणि रमला. मला फोनवर सांगतो, "आक्का, इथं कुणी साहेब न्हाई." मी म्हटलं, "पाणी हाय की. ते कुणाचं ऐकतं?" त्यानं हसण्यावारी नेलं. मला तेव्हापासून झोप लागेना. माझा भाऊ कंपनीतून सुटला आणि नदीला लागला, हेच डोक्यात फिरायचं.

मायनं त्याला घर शिकवलं. काठावर बसून काडीनं मातीत रेघा ओढून सांगायची: हे दार, ही ओसरी, इथं गोठा, इथं रांजण, या कोपऱ्यात दगडी उखळ, तिथं जाळं अडकंल, जपून. तो तसाच्या तसा पाण्यावर जाऊन बघून यायचा आणि म्हणायचा, "माय, उखळ हाय की गं." मायचा चेहरा खुलायचा. पण त्या खोलीच्या जागेवर काडी आली की ती उचलून पलीकडं टेकवायची. "तिथं काय न्हाई. तिथं फिरकू नको." सगळ्या पाण्यात मासा तिथंच जास्त, आणि माय म्हणते तिथं काही नाही. तो फिरकला हे सांगायला नकोच. खोलीची एक सळई स्लॅबच्या वर उभी राहिली आहे, तिला त्यानं खुणेचा बांबू बांधून टाकला. हिवाळ्यात स्लॅबवर छातीएवढं पाणी असतं. त्या भोकाची कहाणी त्यानं जन्मभर ऐकली होती, पण रोजची कटकट कोण कान देऊन ऐकतं? आणि वर फरशी, फरशीवर गाळ. त्याला तो स्लॅब अख्खाच वाटत होता.

तो रविवार संक्रांतीनंतरचा. मी सकाळच्या गाडीनं गेले. चुलतभाऊ उदगीरला साखरपुड्याला गेलेला. भाऊ म्हणाला, "आक्का, तूच चल. काय करायचं न्हाई, नुसता दोर धरायचा."

मी म्हटलं, "मी पाण्यावर येणार न्हाई आणि तूही एकटा जाणार न्हाईस. एक दिवस मासा खाल्ला न्हाई तर मरत न्हाई कुणी."

"जाळं काल टाकलंय. आज न काढलं तर मासा कुजंल, जाळं बी कुजंल."

मी बडबड करत राहिले आणि बडबड करतच तराफ्यावर जाऊन बसले. तो एकटा गेला असता तर मी काठावर बसून मेले असते, त्यापेक्षा दोर माझ्या हातात बरा, असा माझा हिशेब. पोहायला मला येतं, लहानपणी याच नदीत डबा बांधून शिकलेले, पण लग्नानंतर अंगाला नदीचं पाणी लागलेलं नव्हतं. माय काठावर तुरीच्या शेंगा सोलत बसली, पाण्याकडं पाठ करून. भाऊ पाण्यावर असला की ती नेहमी तशीच बसते. बघवत नाही तिला, आणि उठून जाववतही नाही.

तराफा त्यानं बांबूला अडकवला आणि दोर कमरेला बांधला. मला समजावलं: एक झटका म्हणजे ठीक हाय, दोन झटके म्हणजे सैल सोड, झटक्यावर झटके आले तर ओढ. मी ते मनात घोकत बसले. तो खाली जायचा, जाळ्याचा एक तुकडा दगडातून सोडवायचा, वर यायचा. प्रत्येक वेळी डोकं वर आलं की मी मोठ्यानं श्वास सोडायची. तो चेष्टा करायचा, "बुडी मी मारतो आणि दम तुला लागतो." तराफ्यावर मासे जमले, दोन मरळी चांगल्या हातभर लांब. मग तो वर आला आणि म्हणाला, "बाकीचं जाळं खोलीत गेलंय. वाम मोठी हाय, तिनं दारातून आत ओढलंय."

"सोडून दे."

"नवं जाळं हाय, आक्का."

"जळो ते जाळं. आत जायचं न्हाई. मायनं सांगितलंय तिथं फिरकायचं न्हाई."

"माय तर म्हणती तिथं खोलीच न्हाई," असं म्हणून तो हसला, आणि माझ्या तोंडातलं पुढचं बोलणं बाहेर पडायच्या आत खाली गेला.

एक झटका आला. ठीक. मग दोन आले, मी दोर सैल सोडला. दोर माझ्या हातातून सरकत गेला आणि थांबला. मी वाट बघितली. पाण्यावर बुडबुडे आले, मग गढूळ पाण्याचा लोट वर आला, मग काहीच नाही. मी एक झटका दिला. उत्तर आलं नाही. मी ओढलं. दोर ताणला गेला आणि तिथंच अडला, कुठंतरी दाराच्या चौकटीला किंवा सळईला. जेवढं ओढावं तेवढा तो घट्ट होत होता, आणि दुसऱ्या टोकाला माणूस असल्यासारखं काही लागत नव्हतं.

काठावरून मायचा आवाज आला, "वर आला का गं?"

"यायलाय," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

लोकांना हाक मारावी तर रविवार, वस्तीतले निम्मे बाजाराला गेलेले, आणि जवळचा तराफा थेट मारुतीच्या पाराच्या पलीकडं. मी हाक मारली का नाही हेही मला आठवत नाही. माझ्या डोक्यात एकच चाललं होतं की तो आत आहे, दार त्याला सापडत नाही, आणि त्या खोलीला एकच दार आहे. आणि एकदम मला माझ्या काखेत बाचे हात लागले. खरंच लागले, वर ढकलणारे. डोकं अंधारात, मग उजेडात. एकच दार कसं? खोलीला वरूनही वाट आहे.

मी कपड्यासकट उडी टाकली. पाणी एवढं गार की छातीत कळ आली. पाय स्लॅबला टेकले आणि घसरले, सगळं शेवाळ. बांबू नदीकडच्या कोपऱ्यावर, म्हणजे चुलीचा कोपरा माझ्या उजव्या अंगाला. मी पाय घासत घासत चालले. गाळ, गाळ, नुसता गाळ. मला वाटलं चुकलं माझं, लहानपणीच्या आठवणीत काय दम असतो. मग अंगठा एका कडेला ठेचला. सरळ, कापलेली कडा. फरशी.

मी नाक धरून खाली वाकले आणि दोन्ही हातांनी ढकलली. हलेना. वर आले, श्वास घेतला, पुन्हा गेले. या खेपेला नखं कडेखाली घातली आणि पायानं स्लॅबला रेटा दिला. एक नख मुळापासून उलटलं. बाला मी त्या वेळी मनात शिवी दिली, फरशी एवढी चपखल बसवायची काय गरज होती म्हणून. आणि फरशी सरकली. थोडी, मग आणखी, मग स्लॅबच्या कडेवरून खाली गेली.

मी हात आत घातला. पाणी, नुसतं पाणी. खांद्यापर्यंत घातला, तोंड पाण्याखाली, डोळे उघडे, दिसत काही नव्हतं. बोटांना केस लागले. मी केसच धरले. मग एका हातानं माझं मनगट धरलं, असं धरलं की त्याचे वळ मला नंतर बरेच दिवस दिसत होते. मी ओढलं. आधी एक हात आला, मग डोकं, खांद्याशी तो अडकला, तिरका झाला, आणि पोतं निघावं तसा बाहेर आला. पोतं उतरेल एवढंच तर ठेवलं होतं ते.

तो स्लॅबवर उभाच राहीना. मी त्याला बांबूशी धरून ठेवला. त्यानं पाणी ओकलं, खोकला, पुन्हा ओकलं. मग श्वास घेतला, त्याचा आवाज मला अजून ऐकू येतो. मी आधी त्याच्या दोन थोबाडीत दिल्या आणि मग त्याच्या गळ्यात पडून रडले. तो म्हणाला, "मार, आक्का, मार." काठाकडं बघितलं तर माय पाण्यात उभी होती, गुडघ्याच्या वर लुगडं भिजलेलं, आमच्याकडं तोंड करून. शेंगा सगळ्या पाण्यावर तरंगत होत्या.

घरी आल्यावर त्याला गोधडीत गुंडाळला, चुलीपुढं बसवला. हळूहळू तो बोलायला लागला. जाळं पायात गुंतलं, दोर जाळ्यात गुंतला, म्हणून त्यानं कमरेचा दोरच सोडला. ती त्याची चूक. गाळ असा उठला की हात दिसेना. भिंत धरून दार शोधायला गेला तर भिंतच भिंत, कोपरा, पुन्हा भिंत. वर गेला तर डोकं स्लॅबला आपटलं. "मग मला वाटलं, संपलं," तो म्हणाला. "आणि एकदम वरून उजेड आला. हिरवा. कोपऱ्यात तेवढाच. मी तिकडं गेलो."

माय त्याचं डोकं पुसत होती. तिनं विचारलं, "कुठून निघाला तू?" तिला काठावरून आम्ही दोघं वर आलो एवढंच दिसलं होतं, कसे आलो ते दिसलं नव्हतं.

"वरून," भाऊ म्हणाला. "बाच्या त्या भोकातून."

मायचा हात थांबला. मी तिच्याकडं बघायचं टाळलं. आता ही रडणार, मग मी रडणार, असं मला वाटलं. माय काही रडली नाही. टॉवेल बाजूला ठेवून ती चुलीत लाकूड सारायला लागली. त्याच्याकडं न बघता, चिडून म्हणाली, "भोक काय म्हणतो रे. सवणं म्हण. नीट ठेवलंय ते तुझ्या बानं."

त्या आठवड्यात मी देगलूरला परतलेच नाही. नवऱ्याचा फोन आला तर त्याच्यावरच ओरडले. मला वाटत होतं की भाऊ आता पाण्याचं नाव काढणार नाही, मीच त्याला कुठंतरी दुकानात चिकटवीन. दोन दिवस तो चुलीपुढून हलला नाही. नंतर एका सकाळी बघते तर तराफ्याला नवी रस्सी बांधत बसलेला. मी त्याला तोंडाला येईल ते बोलले. तो म्हणाला, "आक्का, मला दुसरं काय येतं आता?" मी मायकडं बघितलं, ती तरी अडवेल म्हणून. माय उठली, काडी घेतली आणि मातीत घर काढायला बसली. दार, ओसरी, गोठा, उखळ. खोलीच्या जागेवर काडी उचलली नाही. तिनं चौकोन ओढला, दार दाखवलं, आणि चुलीच्या कोपऱ्यात बोटानं एक भोक पाडलं. "आत जायचं न्हाई," ती म्हणाली. "पर गेलाच, तर हितनं."

माझी काळजी काही कमी झाली नाही. उलट पहिल्यापेक्षा वाढली, कारण आता पाण्याखाली काय काय होऊ शकतं ते मला ठाऊक आहे. मी अजून स्टँडवर उभी राहून फोन लावते, आणि लागला नाही की फेऱ्या मारते. फरशी कुठं गेली ते कळलं नाही, खाली गाळात रुतली असेल. चुलतभाऊ म्हणाला, उन्हाळ्यात पाणी उतरलं की शोधून पुन्हा बसवू, नाहीतर सवण्यात एखाद्याचा पाय जाईल. मायनं त्याच्याकडं असं बघितलं की तो उठून जाळ्याकडं गेला.

गेल्या रविवारी गेले तेव्हा भाऊ निघालाच होता. त्यानं तराफा ढकलला, वर बसला, थोडा पुढं गेला. माय काठावरून म्हणाली, "सवणं उघडं हाय न्हवं?"

"हाव माय, उघडंच हाय."

मग ती शेंगा सोलायला बसली, पाण्याकडं तोंड करून.